अपुऱ्या प्रकाशामुळे

"मूठ आवळू नकोस. अंगठा आत घाल आन् हात सैल सोड," आत्याबाई म्हणाल्या.

मी अंगठा आत घातला. शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ आम्ही तिघी उकिडव्या बसलो होतो. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, लाल साबणाचा फेस माझ्या मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत थापला आणि हिरव्या बांगड्या एकेक करून उतरवायला घेतल्या. शेजारी मालन आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. मालन त्यांची मुलगी. माझ्या अंगात निळा बनियन, तिच्या अंगात पिवळा. तिकडे मैदानावर कर्णा ओरडत होता, महिला कबड्डीचा अंतिम सामना थोड्याच वेळात. हे थोड्याच वेळात दुपारी तीनपासून चाललं होतं.

"आई, फुटली म्हंजे?" मालन म्हणाली.

"फुटली म्हनू नये. वाढली म्हनावं. आन् ह्या हातानं अजून एकबी वाढलेली न्हाय."

चुडा उतरवणं आत्याबाईंना पटलेलं नव्हतं. वर्षाच्या आत नव्या नवरीचा हात रिकामा दिसता कामा नये, असं त्यांच्याकडे होतं. म्हणून आदले सगळे सामने आम्ही दोघी मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळून खेळलो. पण उपांत्य सामन्यात माझी एक बांगडी पट्टीतून फुटली आणि समोरच्या पोरीचा गाल चिरला. मग पंच बाबर गुरुजींनी सांगितलं, चुडा उतरवला तरच मैदानात. आत्याबाई त्यांच्याशी पाऊण तास भांडल्या, हरल्या, आणि साबण मागून आणला. कासाराला हात लावू देणार नव्हत्या. उतरवायचाच तर मी उतरवीन, म्हणाल्या.

"काय वैनी," मालन मला म्हणाली, "आज तुमची घोटा-पकड बघायची हाय म्हनं शिरठाणला."

"बघा की वैनी. तुमचाच घोटा हाय."

आम्ही दोघी एकमेकींना वैनी म्हणायचो, आणि ते खरंही होतं. आमचं साटंलोटं झालं होतं. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, एकाच मांडवात. मी उंबरढाळची हौसा धुमाळ, शिरठाणच्या आनंदा खराडेला दिली. त्याची बहीण मालन माझ्या थोरल्या भावाला, निवासला केली. हुंडा नाही, मानपान नाही, एकाच जेवणावळीत दोन लग्नं. लोक म्हणाले, व्याह्यांनी पैसा वाचवला. पण गंमत ती नव्हतीच. मी उंबरढाळच्या मंडळाची कप्तान होते आणि मालन शिरठाणची. जिल्हा संघटनेचा नियम असा, की बाईनं ज्या गावात नांदायचं त्याच गावाकडून खेळायचं. म्हणजे दोन्ही गावांनी अक्षता टाकून आपापली सगळ्यात चांगली खेळाडू समोरच्याला देऊन टाकली, आणि हे कुणाच्या डोक्यात आलं ते हळद निघाल्यावर. उंबरढाळच्या तालमीत त्यावरून हाणामारी झाली होती.

"मालने, आदीच सांगून ठेवते," मी म्हणाले. "आज तुला सोडनार न्हाय. राग धरू नकोस."

"येवढं काय?"

"मामंजींनी सांगितलंय. औंदा खेळ. जिंकलीस तर फुडं बघू. हरलीस तर बनियन चुलीत घालायचा आन् गप घरात बसायचं."

मालन हसायची थांबली.

"कवा सांगितलं?"

"दिवाळीत. का गं?"

"आप्पांनी मलाबी दिवाळीतच सांगितलं. आसंच. बनियन चुलीत घालायचा, ह्येबी."

आप्पा म्हणजे माझे वडील, तिचे सासरे. दिवाळीत दोघं व्याही आमच्या परड्यात बाजेवर बसून तास-दोन तास बोलत होते ते मला आठवलं. मी त्यांना चहा नेऊन दिला होता. दोघांनी मिळून एकच अक्कल चालवली होती आणि ती अर्धी अर्धी घरी नेली होती.

चौथी बांगडी माझ्या पेरावर अडकली होती. आत्याबाईंचा हात तिथंच थांबला.

"आत्याबाई, दुखतंय."

"हूं," त्या म्हणाल्या, आणि बांगडी सरकन बाहेर आली. मालनचेही हात त्यांनी रिकामे केले. दोघींचा चुडा एकाच चौकड्याच्या रुमालात बांधला, गाठ मारली, रुमाल ओच्यात खोवला. मग साबणाची वडी धुऊन पदराच्या टोकाला बांधली.

"जावा," म्हणाल्या. "आता कोन कुनाचं न्हाय तितं. खेळा."

जिल्हा संघटनेनं मागच्या वर्षी पन्नास वर्षांची स्मरणिका काढली. पुरुषांच्या विजेत्यांना बारा पानं, फोटोसकट. कुणाला कुणी कुठं नारळ दिला तेसुद्धा छापलंय. महिलांना अर्धं पान, तेही खताच्या जाहिरातीखाली. त्यात एक्क्याऐंशी सालासमोर लिहिलंय: 'शिरठाण व उंबरढाळ, संयुक्त विजेते. अपुऱ्या प्रकाशामुळे.' मी सरचिटणीसाला फोन केला, म्हटलं हे अर्धवट आहे. तो म्हणाला, मावशी, दप्तरात जे आहे ते छापलं. दप्तर लिहिणारा त्या दिवशी मांडवात पाहुण्यांच्या मागे बसून भजी खात होता. मी त्याला बघितलं होतं.

प्रकाश अपुरा का होता, तेही सांगते. सामना तीनला होता. प्रमुख पाहुणे पाचला पाच कमी असताना आले आणि आमच्यासमोर आमच्याबद्दल पंधरा मिनिटं बोलले, की मुलींनी खेळलं पाहिजे. डिसेंबरचा दिवस. दिवे होते, पण ते दुसऱ्या दिवशीच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यासाठी. दिव्यांचा ट्रक सकाळी यायचा होता. आम्हाला सूर्य दिला होता, आणि त्यातलाही निम्मा भाषणाला गेला.

सामना सुरू झाला तेव्हा उन्हं चिंचेच्या शेंड्यावर गेली होती.

खेळायला मजा आली असं म्हणतात ना, तसं काही झालं नाही. जीव खाऊन खेळलो. उंबरढाळची साखळी मीच बसवलेली होती. डावीकडच्या दोघी कधी हात सोडतात ते मला डोळे मिटून ठाऊक. आणि शिरठाणच्या पोरी कुठं कच्च्या आहेत ते मालनला. मी आमच्यातलीला खुणेनं सांगायची, उजवीकडं सरक; तर समोरून मालन ओरडायची, "सरकली बगा, सरकली!" माझंच शिकवलेलं मी मोडत होते, तिचंच शिकवलेलं ती. पहिल्या डावात आमच्यावर लोण चढला, सगळ्या सात जणी बाद. दुसऱ्या डावात आम्ही तो फेडला.

बघणाऱ्यांची तर पंचाईतच झाली होती. उंबरढाळच्या बायका मला शिव्या द्यायला तोंड उघडायच्या आणि मधेच गिळायच्या, कारण मी त्यांच्यात वाढलेली. माझी आई सगळ्यात पुढे. ती ओरडत होती, "हौशे, तिला पाडू नकोस! सून हाय माझी! कमरंत उसन भरंल!" आणि लगेच दुसऱ्या दमात, "मालन, माझ्या लेकीचे केस वढू नकोस गं, पाया पडते!" लोक सामना सोडून तिच्याकडं बघून हसत होते.

आत्याबाई मात्र एका बाजूला बसल्या होत्या, जिथं मैदानाच्या रेषा मारायच्या पांढऱ्या फक्कीचं पोतं ठेवलेलं होतं, त्याला टेकून. ओरडल्या नाहीत, टाळी नाही. त्यांना कबड्डीतलं काही कळत नाही असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्यांच्या पलीकडे मामंजी आणि आप्पा, एका बाकावर, एका डब्यातला तंबाखू मळत.

मला चढाई आवडायची. का, ते कुणी विचारलं नाही आणि स्मरणिकेत तर येणारच नाही, म्हणून सांगते. मधली रेषा ओलांडून कबड्डी कबड्डी सुरू केलं, की एका दमात मावेल तेवढा वेळ मला कुणीही 'पाणी आण' म्हणू शकत नव्हतं. तेवढाच वेळ. पण तो सगळा माझा. मालनचंही तसंच असणार. तिच्या घरात पाणी भरायची विहीर आमच्यापेक्षा लांब होती, ते मला चांगलंच माहीत होतं. मीच भरत आले होते अठरा वर्षं.

शेवटचं मिनिट. एकोणीस-अठरा, आम्ही एकनं पुढे. मालन चढाईला आली.

ती रेषेवरून आली तीच माझ्याकडं बघत. मी उजव्या कोपऱ्यात. तिनं एकदा पाय टाकला, ओढून घेतला. पुन्हा टाकला. तिसऱ्यांदा टाकला तेव्हा मी तिचा घोटा धरला. पुरता धरला, दोन्ही हातांनी. कुणी मागाहून म्हणालं, हौसानं ढिली पकड केली. त्यानं माझ्या तोंडावर येऊन म्हणावं. मी धरला तो सोडला नाही. ती पोटावर पडली आणि मला ओढत निघाली. माझी हनुवटी मातीत, तोंडात माती, आणि समोर तिची पाठ, आणि तिचा दम तुटत नाही. कबड्डी कबड्डी कबड्डी, रडल्यासारखा आवाज. आमच्या दोघी वरून येऊन पडल्या. तोवर तिची दोन बोटं रेषेला लागली होती.

शिट्टी झाली. एकदा, आणि लगेच दुसरी, वेळ संपल्याची.

गुरुजींनी एक बोट वर केलं. "मी फकस्त कोपऱ्यातली ही बाद धरली. मागच्या दोघी नंतर पडल्या," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एक गुन. एकोणीस-एकोणीस. पाच मिनिटं इसावा. मग जादा येळंचे दोन डाव."

मालन तशीच पडली होती. मी तिला उठवलं. तिच्या कोपरातनं रक्त येत होतं.

"सोडला का न्हाईस?" ती म्हणाली.

"तू थांबली का न्हाईस?"

"आता बघ तुला."

"तूच बघ."

आम्ही दोघी खरंच तेवढ्याच होतो त्या वेळी. डोक्यात दुसरं काही नव्हतं. ती माझी नणंद नव्हती, भावजय नव्हती. पाच मिनिटांनी मी तिला लोळवणार होते, आणि पुढचं वर्ष माझं.

तेवढ्यात किंकाळी आली.

"चुडा! आगं माझ्या पोरींचा चुडा!"

आत्याबाई उभ्या राहून ओचा झटकत होत्या. पदर झटकला. पदरातनं साबणाची वडी खाली पडली, रुमाल नाही. "रुमालात होता! हितंच होता! दोघींचा हाय वो त्यात! वरीस न्हाय झालं लग्नाला!"

कुणी काही म्हणायच्या आत मैदान उठलं. गर्दीतल्या बायका कपाळाला हात लावत खाली वाकल्या. दोन्ही गावचे पुरुष, जे तासाभरापूर्वी एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते, ते खांद्याला खांदा लावून गवत चाचपायला लागले. नव्या नवरीचा चुडा हरवलाय, आणि एकीचा नव्हे, दोघींचा. असं असताना कोण खेळणार आणि कोण बघणार?

मला मात्र सामन्याशिवाय काही सुचत नव्हतं. सूर्य चिंचेच्या बुंध्याला टेकला होता.

"गुरुजी," मी ओरडले, "सुरू करा की! बांगड्या गेल्या खड्ड्यात!"

माझ्या आईनं चार ढांगांत मैदान ओलांडलं आणि पाठीत धपका घातला. "तोंडाला काय हाड? दोन घरांचं सौभाग्य हाय त्यात. तुजं आन् तिचं. तुज्या भावाचं!"

"आई, दहाच मिनिटं. न्हायतर अंदार पडतोय."

"पडू दे!"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, मग गर्दीकडं, मग शिट्टी खिशात घातली. तेही वाकून बघायला लागले. त्यांच्याही घरात सून होती.

आत्याबाई सगळ्यांना सांगत होत्या. "टाकीपशी बघा, मगाशी तितं बसलो हुतो." वीस-पंचवीस माणसं टाकीकडे पळाली. ती परत येईपर्यंत, "मी पानी प्यायला गेल्ते, नळाकडं बघा बरं." सगळे नळाकडे. नळावरून, "ट्रॉलीत ऱ्हायला का काय?" मामंजी स्वतः ट्रॉलीत चढले, गोणपाटं उलटीपालटी केली. आप्पांनी खालून काड्या ओढून धरल्या, कारण तोवर ट्रॉलीत दिसेनासं झालं होतं. मालन बाकावर बसून ढसाढसा रडत होती. लोकांना वाटलं चुड्यासाठी. ती सामन्यासाठी रडत होती. मला ठाऊक आहे, कारण मीही त्याच्याचसाठी रडत होते.

मधली रेषा दिसेना. मग गुरुजी कर्ण्याजवळ गेले. अपुऱ्या प्रकाशामुळे जादा वेळ खेळवता येत नाही, दोन्ही संघ संयुक्त विजेते. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, सगळे हातांनी गवत चाचपत होते.

त्यानंतर पाच मिनिटंही गेली नसतील. रेषा मारणारा शिपाई फक्कीचं पोतं उचलायला आला, तोंड बांधायच्या आधी फक्की दाबायला म्हणून आत कोपरापर्यंत हात घातला, आणि पांढराफेक रुमाल वर काढला.

"हा कुनाचा?"

गाठ सोडली. आत एकही बांगडी फुटलेली नव्हती.

"बया! उठताना पडला आसंल," आत्याबाई म्हणाल्या आणि जमिनीला हात लावून कपाळाला लावला. शेजारच्या बाईनं त्यांच्यावरून मीठ-मिरची उतरवू म्हटलं. सगळ्यांच्या जिवात जीव आला. उंबरढाळचे लोक आम्हाला आमच्या ट्रॅक्टरपर्यंत पोचवायला आले.

निघताना आत्याबाईंनी मालनच्या हातात तिचा चुडा भरला. मला म्हणाल्या, तुजा ट्रॉलीत भरते, चल.

ट्रॉली हलायला लागली. मामंजी पुढं ड्रायव्हरच्या मागच्या कडेला बसले होते, आमच्याकडं पाठ करून. कुणीतरी कंदील लावला. आत्याबाईंनी माझा हात मांडीवर घेतला, पुन्हा तोच साबण, घोटभर पाण्यात भिजवलेला. मी तोंड फुगवून बसले होते. त्यांच्याशी बोलायचंच नाही असं ठरवलं होतं. धांदरट म्हातारी, रुमाल सांभाळता येत नाही, आणि माझं वर्ष घालवलं.

कंदिलाच्या उजेडात मला त्यांचा हात दिसला. नखांत पांढरं. बोटांवर पांढरं. मनगटाच्या रेघांत, आणि वर पोलक्याच्या बाहीपर्यंत पांढरं. पोत्यात पडलेला रुमाल वरच्यावर सापडला असता. हा खूप खाली खुपसलेला होता.

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"काय बघतीस? चुना हाय. पान लावलं मगाशी."

"पानाला कोपरापत्तोर चुना लागत न्हाय, आत्याबाई."

त्यांनी एक बांगडी चढवली, दुसरी चढवली. पुढं मामंजी खाकरले. मला वाटलं आता येणार, बनियन आणि चूल. ते मान न वळवता म्हणाले, "हौसाबाई, मग काय ठरवायचं? जिंकली न्हाईस तू."

मी तोंड उघडायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "हरली का?"

मामंजींनी तंबाखूचा डबा उघडला.

"न्हाय, तुमी तितंच हुता की. शाने हायसा. सांगा, कोन हरलं? ही हरली का माझी मालन हरली? येकीचं तरी नाव घ्या. सकाळी व्याह्यांनाबी ह्येच इचारून या."

ट्रॅक्टर धडधडत होता. मामंजींनी डबा मिटला. मग म्हणाले, "बरोबरीचं काय बोलनं झालं नव्हतं आमचं."

"मग झालं."

पुढं मी पाच वर्षं खेळले आणि मालन सहा. दोनदा मी तिला हरवलं, तीनदा तिनं मला. ते स्मरणिकेत बरोबर छापलंय.

शेवटची बांगडी पेरावर अडकली. आत्याबाईंनी फुंकर मारली, दाबली, ती मनगटावर जाऊन बसली. माझा हात त्यांनी कंदिलासमोर धरून एकदा फिरवून बघितला. मग साबणाची वडी उचलली. चपटी झाली होती, बोटाएवढी.

"पार झिजला की गं," त्या म्हणाल्या. "फुडल्या साली नवा आणायला पायजे."